राणी आतच का मरते? ग्रीक नाटकाचे ‘विचित्र’ नियम, डोंगराच्या उतारावर बसून

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-चार महिन्यांनी एक व्हिडिओ हमखास परत येतो. ग्रीसमधल्या एपिडॉरसचं दगडी नाट्यगृह, मधोमध उभा गाइड, तो एक नाणं जमिनीवर टाकतो आणि पार वरच्या रांगेत बसलेले पर्यटक माना डोलावतात. खाली मजकूर असतो: ‘माइक नाही, स्पीकर नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीचं विज्ञान!’

गेल्या खेपेला हा व्हिडिओ आला तेव्हा मावशी नुकतीच ‘ईडिपस’चा, म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या राजावरच्या ग्रीक नाटकाचा, एक प्रयोग बघून आली होती आणि भयंकर वैतागली होती. “पंधरा जण घोळक्याने उभे राहून काय सांगत होते ते कळेना. राणीने गळफास घेतला म्हणे, पण तो दाखवलाच नाही, कोणीतरी येऊन सांगितलं. आणि गोष्ट तर मला आधीच माहीत होती. मग मी पैसे कशाचे दिले?”

प्रश्न तिन्ही रास्त आहेत. त्यांची उत्तरं सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात शोधायला गेलं की माणूस हरवतो. मला वाटतं, ती त्या काळच्या जागेत, उन्हात आणि जत्रेत जास्त लवकर सापडतात. हे नियम कोणी ग्रंथ लिहून घालून दिले नव्हते. हाताशी जे होतं त्यातून ते पडत गेले.

आधी त्या नाण्याचं बघू

नेदरलँड्समधल्या आइंटहोवनच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी एपिडॉरसमध्ये ठिकठिकाणी ध्वनिमापक लावून रीतसर मोजणी केली. निष्कर्ष 2017 मध्ये जाहीर झाले. नाणं पडल्याचा किंवा कागद फाटल्याचा आवाज वरपर्यंत पोहोचतो खरा, पण तो नाण्याचा की कशाचा हे साधारण अर्ध्या अंतरापर्यंतच ओळखू येतं. कुजबुज ऐकू येते ती फक्त पुढच्या लोकांना. खणखणीत आवाजात बोललेली वाक्यं मात्र शेवटच्या रांगेतही कळतात. म्हणजे नाट्यगृह अफलातून आहेच, पण तिथेही नटाला आवाज लावावाच लागतो.

व्हिडिओतली दुसरी गफलत मोठी आहे. एपिडॉरसचं हे नाट्यगृह इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीचं. ज्यांची नाटकं आपण ‘ग्रीक नाटक’ म्हणून वाचतो ते इस्किलस, सोफोक्लीझ आणि युरिपिडीझ तोवर केव्हाच मरून गेले होते. सोफोक्लीझ आणि युरिपिडीझ दोघेही इ.स.पू. 406च्या आसपास गेले. त्यांची नाटकं झाली ती अथेन्समध्ये, अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, डायोनायससच्या देवळाशेजारी. आणि तिथे त्या काळी संगमरवर नव्हता, लाकडी बाकं होती. दगडी बांधकाम पुरं झालं ते इ.स.पू. 330च्या सुमारास, लायकर्गस नावाच्या पुढाऱ्याच्या काळात. मधला तो सुबक गोल चौकही तेव्हा गोल होता की नाही याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. अथेन्सजवळच्या थोरिकोस गावातलं जुनं नाट्यगृह आजही उभं आहे, आणि त्याचा चौक चक्क लांबट, चौकोनी वळणाचा आहे.

तेव्हा डोळ्यांपुढे आणायचं ते हे: टेकडीचा उतार, लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसलेली काही हजार माणसं, खाली सपाट केलेली मोकळी जागा, तिच्या मागे एक लाकडी खोपटं, आणि डोक्यावर सूर्य.

नाटकाचा प्रयोग नव्हे, गावची जत्रा

‘आज रात्री साडेनऊचा प्रयोग’ ही कल्पना अथेन्सच्या माणसाला कळलीच नसती. ट्रॅजेडी व्हायची ती प्रामुख्याने वर्षातून एकदा, वसंताच्या सुरुवातीला, मार्च-एप्रिलच्या सुमारास, डायोनायसस या देवाच्या उत्सवात. डायोनायसस म्हणजे द्राक्षाचा, मद्याचा आणि अंगात येण्याचा देव. मिरवणूक निघे, बैल बळी जात, लिंगाच्या प्रतिकृती खांद्यावर मिरवल्या जात. मग शुद्ध राजकारण: अंकित शहरांनी भरलेली खंडणी नाट्यगृहात सगळ्यांसमोर मांडली जाई आणि लढाईत बाप गमावलेली, सरकारी खर्चाने वाढलेली मुलं चिलखत घालून चालत जात. हे सगळं झाल्यावर नाटकं.

आणि तीसुद्धा स्पर्धा म्हणून. तीन नाटककार निवडले जात. प्रत्येकाने तीन ट्रॅजेडी आणि शेपटीला एक सॅटर नाटक द्यायचं. सॅटर म्हणजे घोड्याची शेपटी आणि कान असलेले, डायोनायससचे दारुडे सोबती. त्यांच्या धिंगाण्याचं हे नाटक, म्हणजे दिवसभराच्या रक्तपातानंतर तोंडाला चव आणणारा पदार्थ. इ.स.पू. 486 पासून कॉमेडीचीही स्पर्धा सुरू झाली.

नाटक स्वीकारलं गेलं याला ग्रीक शब्दप्रयोग होता ‘कोरस मिळाला’. कवी अधिकाऱ्याकडे कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा घोळका, मागायचा. अधिकाऱ्याने दिला की एका श्रीमंत नागरिकाच्या गळ्यात खर्च पडायचा: गायक-नर्तकांचं प्रशिक्षण, कपडे, जेवणखाण. एक प्रकारचा करच हा, पण मिरवता येणारा. इ.स.पू. 472 मध्ये इस्किलसच्या ‘पर्शियन्स’चा असा खर्च उचलणारा विशीतला तरुण होता पेरिक्लीझ, पुढे अथेन्सचा सर्वेसर्वा झाला तोच. आज हातात असलेलं सर्वांत जुनं ग्रीक नाटक हेच.

परीक्षकांची निवड तर ऐकण्यासारखी आहे. अथेन्सच्या दहा ‘जमातीं’मधून, म्हणजे नागरिकांच्या दहा सरकारी गटांमधून, चिठ्ठ्या टाकून दहा परीक्षक काढायचे. दहाही जण निकाल लिहून मडक्यात टाकत. त्यातल्या फक्त पाच चिठ्ठ्या बाहेर काढून निकाल लागे. लाच देणाऱ्याला कोणती पाच मतं मोजली जातील हेच कळू नये, आणि थोडं देवावरही सोडावं. एकांकिका स्पर्धेच्या निकालानंतर बाहेर चहाच्या टपरीवर जे बोललं जातं ते ऐकलेल्यांना या पद्धतीचं मोल वेगळं सांगायला नको. अर्थात तिनेही घोटाळे व्हायचे राहिले नाहीत. ज्या ‘ईडिपस’ला अ‍ॅरिस्टॉटलने पुढे नमुना म्हणून उचललं, त्या नाटकासह उतरलेला सोफोक्लीझ दुसरा आला, पहिला आला इस्किलसचा भाचा फिलोक्लीझ, ज्याचं एकही नाटक उरलेलं नाही. इ.स.पू. 431 मध्ये ‘मिडीया’ घेऊन उतरलेला युरिपिडीझ तिसरा, म्हणजे शेवटचा आला.

पन्नासांतून एक जण बाजूला झाला

हे सगळं सुरू कसं झालं? अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की ट्रॅजेडी उगवली ‘डिथिरँब’च्या म्होरक्यांमधून. डिथिरँब म्हणजे डायोनायससचं समूहगीत. पन्नास जण रिंगण धरून नाचत-गात असत. कधीतरी त्यांच्यातला एक जण बाजूला झाला आणि घोळक्याला उत्तर देऊ लागला. परंपरा त्याचं नाव थेस्पिस सांगते आणि साल इ.स.पू. 534च्या सुमाराचं. नटासाठी ग्रीक शब्द आहे ‘हिपोक्रिटीस’, म्हणजे ढोबळमानाने ‘उत्तर देणारा’. इंग्रजीत त्याचा पुढे ‘ढोंगी’ झाला. नटांनी मनावर घेऊ नये.

एक नट आणि कोरस. इस्किलसने दुसरा नट आणला, सोफोक्लीझने तिसरा. मग गाडी तिथेच थांबली. ट्रॅजेडीत बोलणारे नट तीन, चौथा नाही.

‘ट्रॅगोडिया’ या शब्दाचा अर्थ ‘बोकडाचं गाणं’. बोकड बक्षीस होता की बळीचा, यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. ते सोडून देऊ, कारण आपल्यासाठी जास्त घोटाळा मराठी शब्दाने केला आहे. ‘शोकांतिका’ म्हटलं की शेवट शोकात होणार हे नावातच ठरलं. ग्रीकांनी असं काही ठरवलं नव्हतं. इस्किलसच्या ‘ओरेस्टिया’ नाट्यत्रयीत नवऱ्याचा खून, मग आईचा खून, आणि अखेर न्यायालय, समेट आणि मिरवणूक. युरिपिडीझच्या ‘हेलन’मध्ये नवरा-बायको एकमेकांना सापडून सुखरूप पळून जातात. ही सगळी ट्रॅजेडीच. गंभीर, थोरामोठ्यांची, पुराणातली गोष्ट, अशा ठरावीक पद्धतीने सादर केलेली, एवढंच त्या शब्दात होतं. म्हणून मी या लेखात ‘ट्रॅजेडी’ असंच म्हणतो आहे.

गोष्ट पुराणातली का, याचीही एक हकिकत आहे. इ.स.पू. 494 मध्ये इराण्यांनी मायलीटस हे ग्रीक शहर बेचिराख केलं. मायलीटसशी अथेन्सचं नातं जवळचं. फ्रिनिकस नावाच्या कवीने लगोलग त्यावर नाटक केलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की अख्खं नाट्यगृह रडलं, आणि मग अथेन्सकरांनी ‘आपल्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिली’ म्हणून फ्रिनिकसला हजार द्राख्मा दंड ठोकला. ते नाटक पुन्हा करायलाही बंदी घातली. हजार द्राख्मा म्हणजे किती? त्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराची रोजची मजुरी साधारण एक द्राख्मा होती. कालच्या जखमेवर नाटक करण्याची हौस फिटायला एवढं पुरेसं होतं. इस्किलसनेही ‘पर्शियन्स’ लिहिलं ते ताज्या युद्धावरच, पण हुशारीने शत्रूच्या राजवाड्यात बसून, शत्रूच्या रडण्याचं.

साठ मीटरवरून चेहरा कसा दिसणार?

क्रिकेटच्या मैदानात सीमारेषेबाहेर बसून फलंदाजाच्या कपाळावरची आठी दिसते का? एपिडॉरसच्या वरच्या रांगेपासून चौकाचा मध्य जवळपास 60 मीटर आहे. अथेन्समध्येही मागच्यांची तीच गत. म्हणजे भुवई उडवून, ओठ थरथरवून अभिनय करण्यात अर्थच नव्हता. म्हणून मुखवटा.

मुखवटा डोकंभर असायचा, केसांसकट. कडक केलेल्या कापडाचा. एकही टिकला नाही. आपल्याला ते दिसतात चित्रं काढलेल्या मडक्यांवर. नेपल्सच्या संग्रहालयातल्या एका मोठ्या भांड्यावर प्रयोगानंतरची नटमंडळी आहेत, मुखवटे हातात धरून उभी. हे मुखवटे कर्ण्यासारखा आवाज मोठा करायचे, असं अजून सांगितलं जातं; आज अभ्यासक ते मानत नाहीत. आणि चित्रांत दिसणारे वीतभर उंच टाचांचे बूट नंतरच्या काळातले आहेत. सोफोक्लीझचे नट मऊ जोड्यांत वावरत, कारण त्यांना नाचायचंही असे.

मुखवट्याचा दुसरा उपयोग साधा हिशेबाचा. नट तीन, पात्रं सात-आठ. आत जायचं, मुखवटा बदलायचा, दुसरं माणूस होऊन बाहेर यायचं. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करत. बालगंधर्वांच्या आठवणी पिढ्यानपिढ्या सांगणाऱ्या आपल्या लोकांना यात अडखळण्यासारखं काही नाही.

या काटकसरीतून काय निघू शकतं ते बघा. युरिपिडीझच्या ‘बॅकी’ नाटकात थीब्जचा तरुण राजा पेंथियस डायोनायससला मानत नाही. देव त्याच्या आईला, अगावीला, वेड लावतो आणि ती मुलाला सिंह समजून हातांनी फाडते. मग ती विजयाच्या कैफात येते, मुलाचं मुंडकं मिरवत. नटांची वाटणी मांडून पाहिली तर पेंथियस आणि अगावी बहुधा एकाच नटाने केले असणार. आणि ते मुंडकं म्हणजे काय? पेंथियसचा मुखवटा. म्हणजे नट मघाशी ज्या चेहऱ्याने बोलत होता, तोच चेहरा आता आई होऊन हातात धरून उभा आहे. तीनच नट असण्याची अडचण युरिपिडीझने अशी वापरली. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून होतो.

“पण मुखवटा घातला की भावना कशी पोहोचणार?” आवाजातून आणि देहातून. पोलस नावाचा एक गाजलेला नट होता. ‘इलेक्ट्रा’मध्ये नायिका भावाच्या अस्थींचा कलश उराशी धरून रडते, तो प्रवेश त्याच्याकडे होता. रोमन लेखक ऑलस जेलियस सांगतो की त्याचा स्वतःचा मुलगा नुकताच गेला होता, आणि त्या दिवशी पोलसने रंगमंचावर आणला तो मुलाच्या खऱ्या अस्थींचा कलश.

आवाज इतका महत्त्वाचा, म्हणजे तो घसरला तर संपलंच. इ.स.पू. 408 मध्ये हेगेलोकस नावाच्या नटाच्या वाट्याला वाक्य होतं, ‘लाटांच्या तडाख्यानंतर पुन्हा शांतता दिसते आहे.’ ग्रीकमध्ये ‘शांतता’ आणि मुंगसासारखा एक केसाळ प्राणी यांत फरक फक्त स्वराच्या हेलकाव्याचा. दमलेल्या हेगेलोकसचा हेल चुकला आणि भर नाट्यगृहात तो म्हणाला, ‘लाटांच्या तडाख्यानंतर पुन्हा मुंगूस दिसतं आहे.’ तीन वर्षांनंतरही अ‍ॅरिस्टोफेनीस आपल्या ‘बेडूक’ या कॉमेडीत त्यावरून हशा वसूल करत होता. आपल्याकडे एका कान्या-मात्रेने काय होतं ते आठवा.

तो घोळका मध्येच का उभा असतो?

मावशीचा पहिला प्रश्न. खरं तर तो उलटा विचारायला हवा: कोरसमध्ये हे नट कुठून आले? कारण कोरस आधीचा. नाट्यगृहातल्या मधल्या मोकळ्या जागेचं नावच ‘ऑर्केस्ट्रा’, म्हणजे नाचायची जागा. मागच्या खोपट्याला म्हणत ‘स्कीनी’, म्हणजे तंबू. इंग्रजी ‘सीन’ त्यातून आला. ‘थिएट्रॉन’ म्हणजे बघायची जागा. अख्ख्या नाट्यगृहाची मांडणी नाचाभोवती आहे, आणि नाटककाराला ‘शिक्षक’ म्हणत, कारण तो कोरसला शिकवायचा.

सोफोक्लीझच्या काळात ट्रॅजेडीचा कोरस 15 जणांचा, कॉमेडीचा 24चा. धंदेवाईक कलावंत नव्हेत, शहरातले नागरिक. उत्सवात दहाही जमाती डिथिरँबसाठी पन्नास पुरुष आणि पन्नास मुलगे उतरवत, म्हणजे हजार गाणारे झाले. टेकडीवर बसलेल्यांपैकी कितीजण कधी ना कधी स्वतः तिथे नाचले असतील! त्यामुळे कोरस म्हणजे त्यांना परका घोळका वाटत नसे. आपल्या गल्लीतलीच माणसं ती.

नाटकात कोरस गावातले म्हातारे असतो, युद्धात पकडलेल्या बायका असतो, खलाशी असतो. राजे-राण्या मोठमोठे निर्णय घेतात आणि त्याचे चटके ज्यांना बसतात ते हे लोक. ते घाबरतात, चुकीचा सल्ला देतात, शेवटी ‘आम्ही म्हटलंच होतं’ म्हणतात. हे सगळं ते गाऊन, नाचून करत, सोबत जोडपाव्यासारखं ‘ऑलोस’ हे वाद्य. मावशीने पाहिलेल्या प्रयोगात ती माणसं नुसती उभी राहून एका सुरात बोलत होती, तिथेच घोटाळा झाला. संगीत नाटकातली पदं कोणी सपाट वाचून दाखवली तर कशी लागतील, तसं ते झालं. ग्रीक नाटकांची चाल जवळजवळ सगळी हरवली आहे. पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या, एक-दोन तुकड्यांवर युरिपिडीझच्या काही ओळी स्वरचिन्हांसह उरल्या आहेत, इतकंच.

राणी आतच का मरते?

पडदा नाही. अंधार नाही. दिवसाढवळ्या, काही हजार माणसांसमोर नटाने मरून पडायचं, मग त्याला उठून जायचं कसं? शिवाय तिघांपैकी एक नट मढं होऊन पडला तर पुढची पात्रं करायची कोणी? व्यवहार असा आहे. धार्मिक मनाई होती असं म्हणतात, पण तसा लेखी नियम कुठे नाही, आणि युरिपिडीझचा हिपोलिटस सगळ्यांसमोर प्राण सोडतो. सोफोक्लीझचा एजॅक्स तर बहुधा सगळ्यांसमोरच तलवारीवर पडतो. म्हणजे बंदी नव्हती, वहिवाट होती.

आणि या वहिवाटीने एक हत्यार घडवलं: निरोप्याचं भाषण. ‘ईडिपस’मध्ये राजवाड्यातून एक सेवक बाहेर येतो. राणी योकास्ता केस उपटत आत धावली, दारं लोटून घेतली. आत काय झालं ते आम्हाला दिसलं नाही, असं तोच सांगतो. मग राजा ओरडत आला, दारावर धडकला, बिजागऱ्या उचकटल्या. आत ती लटकत होती. त्याने तिला खाली काढलं. तिच्या वस्त्राच्या सोन्याच्या पिना उपसल्या आणि त्या स्वतःच्या डोळ्यांत मारल्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

बघा, सांगणाऱ्यालाही बंद दारामागचं दिसलेलं नाही. पायरीपायरीने तो आपल्याला आत नेतो. लाल रंग फासलेला नट साठ मीटरवरून हास्यास्पद दिसला असता. चांगला कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा समोर काहीच नसतं, तरी बायका पदर डोळ्यांना लावतात. जातीने तीच ही गोष्ट.

झाल्यावर मात्र परिणाम दाखवत. खोपट्याचं दार उघडून चाकांचा एक फाळका बाहेर ढकलायचा, त्यावर प्रेतं. त्याला ‘एक्किक्लेमा’ म्हणत. अ‍ॅरिस्टोफेनीसने त्याचीही टर उडवली आहे: त्याच्या एका कॉमेडीत युरिपिडीझला बाहेर यायला फुरसत नसते, म्हणून तो लिहीत बसल्या जागेवरून फाळक्यासकट ढकलला जातो.

दुसरं यंत्र म्हणजे क्रेन. देव तिला लटकून वरून येई आणि गुंता सोडवी. ‘मिडीया’च्या शेवटी स्वतःच्या मुलांना मारून मिडीया उडत्या रथातून निघून जाते, अ‍ॅरिस्टॉटलला ते पटलं नाही, गोष्टीचा शेवट गोष्टीतूनच निघावा असं त्याचं म्हणणं. मला वाटतं इथे अ‍ॅरिस्टॉटलचं चुकलं. देवांसाठी राखलेल्या जागेवर त्या बाईला बघून जो थरकाप होतो तो दारातून चालत गेल्याने झाला नसता. क्रेनची खरी गंमत मात्र अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘शांती’ या कॉमेडीत आहे. एक शेतकरी शेणकिड्यावर बसून स्वर्गाकडे उडतो आणि मध्येच घाबरून खाली ओरडतो: अरे क्रेनवाल्या, नीट बघ रे!

गोष्ट माहीत असताना बघायचं काय?

अँटिफनीझ नावाच्या विनोदी कवीने नेमकी हीच कुरकुर केली होती. त्याचं म्हणणं असं: ट्रॅजेडीवाल्यांची चैन आहे. ‘ईडिपस’ एवढं नाव घ्यायचा अवकाश, बाप कोण, आई कोण, मुलं कोण, काय होणार, सगळं प्रेक्षकांना ठाऊक. आणि सुचायचं थांबलं की बोट वर करावं तशी क्रेन वर करायची. आम्हाला मात्र सगळं नव्याने रचावं लागतं!

पण ठाऊक असण्यातच ताण आहे. ईडिपस गावासमोर शपथ घेतो की जुन्या राजाचा खुनी शोधून काढीन, आणि त्या खुन्याला शाप देतो. टेकडीवरचा प्रत्येक माणूस जाणतो की हा स्वतःलाच शापतो आहे. माहीत नाही ते एकट्या त्याला. पुढे काय होणार हा प्रश्नच नाही. याला कधी कळणार, आणि कळल्यावर हा काय करणार, यासाठी श्वास रोखलेला. पु. ल. देशपांड्यांचं ‘राजा ओयदिपौस’ हे भाषांतर घरात असेल तर तो शापाचा भाग मोठ्याने वाचून बघा.

“पण आम्ही तर तीन ऐक्यं शिकलो होतो”

परीक्षेत लिहिलं असेल: ग्रीक नाटकात स्थळ, काळ आणि कृती यांचं ऐक्य पाळावंच लागे, असं अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. तो तसं म्हणत नाही. आग्रह धरतो तो कृतीच्या ऐक्याचा. काळाबद्दल एवढंच नोंदवतो की ट्रॅजेडी साधारण एका दिवसात बसवायचा प्रयत्न करते. स्थळाच्या ऐक्याचा नियम त्याने सांगितलेलाच नाही. हे त्रिकूट पक्कं केलं 1570 मध्ये कास्टेलव्हेट्रो या इटालियन भाष्यकाराने, सुमारे एकोणीसशे वर्षांनी. ‘ओरेस्टिया’च्या तिसऱ्या नाटकात तर गोष्टीलाच डेल्फीहून उचलून थेट अथेन्समध्ये नेलं आहे.

शिवाय अ‍ॅरिस्टॉटल जन्मला इ.स.पू. 384 मध्ये. सोफोक्लीझला जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. तो नियम घालून देणारा नव्हे, मागाहून आलेला चाणाक्ष समीक्षक. त्याचा ‘हमार्शिया’ हा शब्दही ‘नायकातला दुर्गुण’ म्हणून घोटवला जातो. मुळात त्याचा अर्थ नेम चुकणं, मोठी चूक होणं.

यवनिका: मग आपलं नाटक ग्रीकांकडून आलं का?

हा प्रश्न आपल्याकडे निघतोच. संस्कृत नाटकात पडद्याला ‘यवनिका’ म्हणतात. यवन म्हणजे ग्रीक. झालं! एकोणिसाव्या शतकात वेबर आणि पुढे 1882 मध्ये विंडिश या जर्मन पंडितांनी ग्रीक प्रभावाचा सिद्धांत मांडला, आणि 1890 मध्ये सिल्व्हँ लेव्ही या फ्रेंच पंडिताने तो खोडून काढला.

सिद्धांताची गंमत अशी की ज्या पडद्यावर तो टांगला, तोच अभिजात ग्रीक नाट्यगृहात नव्हता. शब्द आला असेल तर यवनांकडच्या कापडावरून आला असेल. काही जण ‘जवनिका’ हे रूप धरून त्याचा संबंध वेगाशी लावतात. बाकी मांडणी बघितली तर नाट्यशास्त्र बंदिस्त नाट्यमंडप सांगतं, मोकळी टेकडी नाही. तीन नटांची मर्यादा नाही. राजा संस्कृत बोलतो आणि बायका, नोकरचाकर प्राकृत, तसा प्रकार ग्रीकांत नाही. विदूषकही नाही.

तरी संपर्कच नव्हता असंही नाही. अफगाणिस्तानात आय खानुम इथे फ्रेंच उत्खननात ग्रीक शहर सापडलं, त्यात मोठं नाट्यगृह आहे. आणि इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या पपायरसांत एक ग्रीक प्रहसन मिळालं, ज्याची नायिका भारताच्या किनाऱ्यावर अडकली आहे. तिथला राजा आणि त्याची माणसं अगम्य भाषेत बोलतात, आणि ती भाषा कानडी असावी असं काही विद्वानांचं म्हणणं, ज्यावर इतरांनी डोळे वटारले.

एवढंच का उरलं?

सोफोक्लीझने शंभरावर नाटकं लिहिली, पुरी उरली सात. इस्किलसच्या नावावर सात. अ‍ॅरिस्टोफेनीसची अकरा. अथेन्सने इस्किलस, सोफोक्लीझ आणि युरिपिडीझ या तिघा ट्रॅजेडीकारांच्या अधिकृत प्रती सरकारी दप्तरात ठेवल्या होत्या. गेलन हा वैद्य सांगतो की इजिप्तचा राजा टॉलेमी याने त्या नक्कल करायला मागवल्या, हमी म्हणून पंधरा टॅलंट, म्हणजे नव्वद हजार द्राख्मा, ठेवले. मग नकला उत्तम करवून घेतल्या, अथेन्सला पाठवल्या त्या नकला, आणि मूळ प्रती ठेवून घेतल्या. हमी बुडाली तरी त्याला पर्वा नव्हती. पुढे त्या मूळ प्रतीही गेल्या.

युरिपिडीझच्या नावावर मात्र एकोणीस उरली, आणि ती श्रेष्ठ म्हणून नव्हे. दहा शाळेत शिकवली जात म्हणून टिकली. उरलेली नऊ एका अकारविल्हे संग्रहाच्या वाचलेल्या भागातून आली. नावांची ग्रीक आद्याक्षरं बघितली तर ती सगळी लागोपाठची आहेत: हेलन, इलेक्ट्रा, हेराक्लीझ, आयॉन, इफिजिनिया आणि शेवटी ‘किक्लोप्स’. दिवसाच्या शेवटी होणारी ती धिंगाण्याची सॅटर नाटकं, शेकडो लिहिली गेली असतील. त्यांतलं आज पूर्ण उरलेलं एकमेव म्हणजे हे ‘किक्लोप्स’. ते वाचलं, कारण त्याचं नाव ‘क’ने सुरू होतं.